हळूरावांची पाटी

शोकसभा सुरू व्हायच्या आधीपासूनच लोक हसत होते. मोठ्याने नव्हे, मेलेल्या माणसाचा मान राखून, ओठांच्या कडेकडेने. मोटारशर्यतींच्या क्लबच्या दारातच तो फोटो भिंतभर मोठा करून लावला होता. अर्ध्या भागात वेगाने पुसट झालेली गाडी, आणि उरलेल्या अर्ध्यात कठड्यावरून वाकलेला एक काटकुळा तरुण. तोंड उघडं, डोळे खोबणीबाहेर आल्यासारखे, आणि दोन्ही हातांत उंच धरलेली काळी पाटी. पाटीवर खडूने एकच शब्द. हळू.

आत येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडे पाही, मग दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. आणि ओठ दाबून म्हणे, "फार वाईट झालं."

"हो," म्हातारा म्हणे.

"बाईंसारखी बाई पुन्हा होणे नाही."

"नाही."

आणि जरा पुढे गेल्यावर मागे खुसखुस. "हेच ते. हळूराव."

हळूरावांना दुसरं नाव होतं, पण ते आता फक्त औषधाच्या चिठ्ठीवर उरलं होतं. बायकोचं तसं नव्हतं. या ट्रॅकवर शर्यतीची गाडी चालवणारी ती पहिली बाई, आणि जिंकणारीही पहिली. वर्तमानपत्रांनी तिला वावटळ म्हटलं आणि ती शेवटपर्यंत वावटळच राहिली. कमरेचं हाड मोडलं तेव्हासुद्धा नर्स तिला विचारायची, "काय वावटळबाई, आज संडासला जाऊन आलात का?"

याच क्लबने तिला पहिल्या वर्षी कपडे बदलायला खोली दिली नव्हती. जुन्या टायरांच्या शेडमध्ये ती बदलायची, आणि हळूराव पाठ करून दारात उभे राहायचे. आता त्या शेडवर तिचं नाव लावणार होते. अध्यक्ष मोठ्या अभिमानाने सगळ्यांना तेच सांगत फिरत होते.

हळूरावांना नाव नको होतं, शेड नको होती. त्यांना एकच हवं होतं: आपल्या लेकीला खरं कळावं. जगाला नाही कळलं तरी चालेल. फक्त तिला.

खरं एवढंच होतं की पाटी उलटी होती.

त्या काळी गाडीत बसलेल्याला बाहेरचं काही ऐकू येत नसे. शर्यत चालू असताना कठड्याजवळ उभं राहून पाटी दाखवायची, एवढीच बोलायची सोय. आणि शेजारच्या गाडीची माणसं ती पाटी तिरक्या डोळ्याने वाचून आपल्या ड्रायव्हरला सावध करायची. दोनदा ती दोघं त्यामुळेच हरली. तेव्हा एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून, पाय हलवत, ती म्हणाली होती, "उलटं लिही."

"म्हणजे?"

"जोर लाव म्हणायचं असलं की 'हळू' लिही. सांभाळ म्हणायचं असलं की 'जोरात' लिही. मी उलटं वाचीन."

"लोकांना संशय येईल."

"कुणाला?" ती हसली होती. "नवरा हळू म्हणतो आणि बायको जोरात जाते, यात संशय घेण्यासारखं काय आहे? जग त्याच्यावरच तर चाललंय. बायको नवऱ्याचं उलटंच ऐकते हे सगळ्यांना आईच्या पोटातून ठाऊक असतं. यापेक्षा चांगलं कुलूप सापडणार नाही तुला."

मग म्हणाली, "गाडी थांबवून आत बोलवायचं 'ये' मात्र सरळच ठेवू. ते उलटं केलं तर 'जा' होईल. आणि तू मला जा म्हणालास, तर मी खरंच जाईन."

घरात ती त्यांना 'तू' म्हणायची, लोकांत 'अहो'. पुढे लोकच इतके वाढले, की 'तू' म्हणायला घर उरलं नाही.

हातमोजे चढवताना ती गुणगुणायची. आई-आजीच्या चालीवर स्वतःच रचलेलं, कुणाला ऐकू न जाईल असं, शिरस्त्राणाच्या आत:

सखा म्हणे हळू हळू, शब्द उलटा झेलते,
वाऱ्याच्या गं पाठीवर माझा संसार पेलते.

मोठी शर्यत जिंकली तो दिवस. पुढच्या गाडीची मागची चाकं झिजलेली हळूरावांना दिसली. वळणावर ती गाडी ढुंगण हलवायला लागली होती. त्यांनी खडूने लिहिलं 'हळू', कठड्यावर पोट टेकून पाटी उंच धरली आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "हळू! हळू!" तिने वाचलं. समजली. पाय दाबला. त्याच क्षणी कुण्या फोटोवाल्याने बटण दाबलं.

संध्याकाळी बातमीदारांनी विचारलं, "नवरा हळू म्हणत होता, आणि तुम्ही?"

तिने हळूरावांकडे पाहिलं. खूण फोडायची नव्हती, हंगाम अजून बाकी होता. ती डोळा मारून म्हणाली, "यांचं मी कधी ऐकलंय?"

बातमीदार हसले. हळूरावही हसले. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले, कारण तो विनोद दोघांचा होता.

हंगाम संपला. पुढचाही संपला. पाट्या गेल्या, कानात बोलणारी यंत्रं आली. तिची शर्यत सुटली आणि भाषणं सुरू झाली. प्रत्येक भाषणात ते वाक्य. मुली तिला चिठ्ठ्या पाठवायच्या, 'हळू' लिहून त्यावर लाल फुली मारलेले शर्ट घालायच्या. हळूरावांनी एकदा भीतभीत म्हटलं, "आता सांगून टाक की खरं."

ती आरशासमोर केस नीट करत होती. "लोकांना गोष्ट आवडलीय," ती म्हणाली. "तुझं काय जातंय?"

काय जातंय हे हळूरावांना तेव्हा सांगता आलं नाही. लेक तेव्हा शाळेत जात होती. एकदा तिला भरधाव सायकल चालवताना पाहून ते काळजीने ओरडले, "ठमे, सावकाश!" पोरगी तिथूनच ओरडली, "हळूराऽव!" आणि तिची आई गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवशी मात्र सगळ्यावर कडी झाली. डॉक्टरांनी हात टेकले होते. वावटळीची छाती थांबत, अडखळत वरखाली होत होती; चढावर गाडी गिअर शोधते तशी. हळूराव तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "हळू."

पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, रस्ता मोकळा आहे, सोड आता, जा. एवढं सगळं त्या एका शब्दात होतं, आणि तो शब्द समजणारं माणूस जगात एकच होतं. तिच्या पापण्या हलल्या. निदान हळूरावांना तसं वाटलं.

"बाबा!" लेक पलंगाच्या पलीकडून किंचाळली. "आता तरी! निदान मरताना तरी तिला तिच्या वेगाने जाऊ द्या!"

त्यानंतर ती बापाशी कामापुरतंच बोलत होती. गोळ्या घेतल्या का. किल्ली कुठे आहे.

सभेत ती शेवटची बोलायला उठली. ताठ, आईसारखीच हनुवटी वर. शहरात तिचं मोटार शिकवायचं स्कूल होतं, आईच्या नावाचं, आणि प्रत्येक गाडीच्या दारावर तो फुली मारलेला शब्द.

"माझ्या घरात दोन धर्म होते," ती म्हणाली. "आईचा आणि बाबांचा. बाबांच्या धर्मात एकच मंत्र होता."

"हळू!" लोक एका सुरात म्हणाले. हशा पिकला. कुणाच्या तरी कपातला चहा सांडला.

"बाबा वाईट नाहीत," ती पुढे म्हणाली, आणि ते हशापेक्षा जास्त लागलं. "बाबा घाबरट आहेत. आई गेली त्या क्षणीसुद्धा बाबांनी तिच्या कानात हेच सांगितलं. आणि तिने नेहमीसारखंच केलं. नाही ऐकलं. निघून गेली."

टाळ्या. काही बायकांनी डोळे टिपले. अध्यक्षांनी मोठ्या मनाने माइक हळूरावांपुढे धरला. "दोन शब्द, साहेब. एक शब्द तर आम्हाला पाठच आहे."

हळूराव उभे राहिले. लेकीकडे पाहिलं.

"ते उलटं होतं," ते म्हणाले.

मागच्या रांगेतून एक आवाज, "अहो, घरोघरी उलटंच असतं!" आणि सगळं सभागृह खदखदलं.

"नाही, तसं नाही. मी हळू लिहायचो तेव्हा..."

"तेव्हा बाई जोरात जायच्या! माहीत आहे!"

"म्हणजे तसंच ठरलं होतं आमचं..."

"लग्नातच ठरतं ते, साहेब!"

जे बोलावं ते विनोदात जाऊन पडत होतं. वावटळीने खरंच असं कुलूप शोधलं होतं, की खुद्द किल्ली हातात घेऊन उभं राहिलं तरी लोकांना ती कुलपाचाच भाग वाटावी. हळूरावांनी पहिल्या रांगेत बसलेल्या मिस्त्रीकडे पाहिलं. तिच्या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं त्याच्याच हाताखाली होतं, आणि पाटीची गोम नवरा-बायकोखेरीज फक्त त्यालाच ठाऊक होती. मिस्त्री बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिला.

बाहेर ट्रॅककडे जाताना हळूरावांनी त्याला गाठलं. "एक शब्द बोलला असतात तर तुमची जीभ झडली असती?"

"बाईंनी शपथ घातली होती, साहेब."

"बाई गेली."

मिस्त्रीने मान खाजवली. "खरं सांगू का? माझ्या वर्कशॉपच्या शटरवर तोच फोटो रंगवून घेतलाय. गिऱ्हाइकं पाटी बघून हसतात, मग आत येतात. आता या वयात कुठे पुसत बसू?" आणि मग समजूत घातल्यासारखं, "तुमच्याच कमाईचं खातोय म्हणा ना."

दुपारच्या उन्हात ती जुनी गाडी उभी होती. घासूनपुसून, नवरीसारखी. कार्यक्रम असा ठरला होता: लेकीने आईची गाडी घेऊन दोन फेऱ्या मारायच्या. पहिली सावकाश, हात हलवत. दुसऱ्या फेरीला हळूरावांनी फोटोतल्या जागी उभं राहून पाटी दाखवायची. पाटी दिसताच तिने मूठ वर करायची आणि गाडी भन्नाट सोडायची.

"फोटोग्राफर इथे बसेल," अध्यक्ष म्हणाले. "साहेब, तोंड जरा उघडं ठेवा. तेव्हासारखं."

पाटी नवी होती. हळूरावांनी शब्दावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. "खडू नाही?"

"पक्का रंग आहे. पुसला जाऊ नये म्हणून. नंतर काचेत ठेवणार आहोत."

लेक शिरस्त्राण चढवत होती. हातमोजे घालताना तिचे ओठ हलत नव्हते. गुणगुणणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिने बापाकडे न बघता विचारलं, "टोपी आणलीत का? ऊन आहे."

"आणलीय."

"मग घाला. डोक्यावर घालायची असते ती."

पहिली फेरी छान झाली. लोक उभे राहून हात हलवत होते. माइकवाला ओरडत होता, "आली आली, वावटळीची पोर आली!" गाडी कठड्याजवळून हळूहळू पुढे गेली, आणि ती गेली त्या जागी हळूरावांना सिमेंटवर एक बारीक ओली रेघ दिसली.

पाणी नव्हे. पाणी असं चमकत नाही, आणि असं पसरत नाही. रेघ डाव्या मागच्या चाकाची होती. ते वाकले, बोट लावलं, वास घेतला. ब्रेकचं ऑइल.

"मिस्त्री!" ते ओरडले. "ऑइल गळतंय! ब्रेक जाणार!"

मिस्त्री ट्रॅकच्या पलीकडे होता. त्याने हात कानामागे धरला, मग हसून मान डोलवली. साहेब रंगात आलेत. झेंडा घेऊन उभा असलेला पोरगेला माणूस मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. हळूरावांनी दंड धरून त्याला हलवलं. "लाल झेंडा दाखव, थांबव तिला!" तो म्हणाला, "काका, मध्ये येऊ नका, फ्रेममध्ये येताय."

लांबच्या वळणावरून इंजिनाचा आवाज वर चढू लागला.

खडू असता तर त्यांनी 'ये' लिहिलं असतं. एकच अक्षर, कधीच उलटं न झालेलं. त्यांनी पाटी फिरवली; मागची बाजू कोरी, पांढरी, गुळगुळीत. खिसा चाचपला. चष्म्याचं फडकं. टोपी. औषधाची डबी. त्यांनी पाटी पुन्हा सरळ केली. दुसरं काही हातात नव्हतंच. ते कठड्यावर पोटावर आडवे झाले, दोन्ही हातांनी पाटी उंच धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द खऱ्या अर्थाने ओरडले.

"हळू! ठमे, हळूऽ! हळूऽऽ!"

"बघा बघा!" माइकवाल्याचा आवाज फाटला. "अजून तेच! चाळीस वर्षं झाली, माणूस बदलला नाही! काय म्हणतायत साहेब?"

"हळू!" सगळं मैदान म्हणालं.

गाडी समोर आली. हेल्मेटच्या काचेआड लेकीचे डोळे त्यांना अगदी स्वच्छ दिसले. तिने पाटी वाचली. तेव्हा हळूरावांच्या लक्षात आलं, की हा शब्द आता कुणालाच सांगण्याजोगा उरला नाही. बायकोच्या भाषेत त्याचा अर्थ होता जोर लाव. लेकीच्या भाषेतही तोच. पोटच्या पोरीला थांब म्हणायला त्यांच्याजवळ शब्दच नव्हता. होता तो त्यांनीच, तरुणपणी, स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ, हसत हसत, देऊन टाकला होता.

लेकीने मूठ वर केली. गाडी सुटली.

फोटो सुंदर आला, असं नंतर सगळे म्हणाले.

वळणाशी ब्रेकचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. गाडी वळलीच नाही. रचून ठेवलेल्या टायरांच्या भिंतीत ती सरळ घुसली, आणि टायर लगोरी फुटावी तसे उडाले. काही क्षण लोक टाळ्याच वाजवत होते.

रुग्णवाहिकेत हळूराव लेकीच्या पायांशी बसले होते. तिचा डावा पाय कुठे वाकायला नको तिथे वाकला होता, पण ती शुद्धीवर होती. चेहरा राखेसारखा, हनुवटी अजून वर.

"बाबा."

"बोल, ठमे."

"पेडल... सरळ खाली गेलं. नुसतं हवेत पाय मारल्यासारखं."

"ऑइल गळत होतं. पहिल्या फेरीतच दिसलं मला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणून ओरडत होतात?"

"हो."

"मला वाटलं, तुम्ही छान काम करताय."

मग तिने हात पुढे केला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हळूरावांनी तो दोन्ही हातांत घेतला. चिमणीचं पिल्लू घ्यावं तसा, जरा दाबलं तर मरेल, जरा सोडलं तर पडेल.

"म्हणजे तेव्हाही असंच असायचं," ती म्हणाली. बापाशी नव्हे, छताशी बोलावं तशी. "तुम्हाला काहीतरी दिसायचं. कुठे गळतंय, कुठे झिजलंय. म्हणून पाटी दाखवायचात. आणि ती ऐकायचीच नाही. नशीब म्हणून जगली. आणि वर सगळ्या गावासमोर तुमचं हसं करायची." तिच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. "आणि मी टाळ्या वाजवायचे. बाबा, खरं सांगा. दिसायचं ना तुम्हाला?"

खरं जिभेच्या टोकावर होतं. एवढंच तर सांगायचं होतं त्यांना. तिने न ऐकलेला माझा एकही शब्द नव्हता, पोरी. माझं अक्षर न् अक्षर वाचून ती जिंकली. जगात कुणी कुणाचं ऐकलं नसेल इतकं तिने माझं ऐकलं. कानाशी ती जुनी ओवी उठली, शब्द उलटा झेलते, आणि हळूरावांचे ओठ हललेही.

पण हातात हात होता. गरम, इतक्या वर्षांनी मिळालेला. घाबरट बाप अचानक शहाणा झाला होता आणि लेक त्याच्याकडे डोळे लावून होती. खरं सांगितलं की ती पुन्हा आईकडे वळणार. तो विनोद पुन्हा त्या दोघांचाच होणार, आणि त्यातली एक मेलेली.

लोकांना गोष्ट आवडलीय. तुझं काय जातंय?

"हो," हळूराव म्हणाले. "दिसायचं."

"आणि ती?"

"तिने कधी कुणाचं ऐकलंय?"

लेकीने डोळे मिटले. "फार माज होता तिला," ती पुटपुटली, आणि बापाचा हात घट्ट धरला.

गाडी खड्ड्यात आदळली. ती कळवळली. हळूराव पुढच्या काचेकडे वळून ओरडले, "अहो, पोरीला लागतंय! जरा हळू!"

"हळू तर हळू, काका," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने वेग कमी केला.